पडघ्याची शेवळं: घसा खाजला नाही तरी

ऐन मे महिन्यात नाशिकहून पडघ्याला कोणी हौसेने जात नाही. मीही जाणार नव्हते. शाळेच्या निकालांचं काम नुकतं हातावेगळं झालं होतं, कंबर धरली होती, आणि पंख्याखाली आडवं पडायचं एवढाच सुट्टीचा बेत होता. तेवढ्यात मावशीचा फोन. "शेवळं आलीत. रूपाली पन आलीय. तू ये." रूपाली ही मावशीची मुलगी, टेमघरला दिलेली. तिला सातवा महिना, आणि डोहाळे लागले ते नेमके शेवळांचे. मावशीशी वाद घालण्यापेक्षा एसटीत बसणं सोपं, म्हणून निघाले.

ज्यांनी शेवळं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी: पावसाळ्याच्या तोंडावर, एखादा वळीव पडून गेला की जमिनीतल्या कंदातून तपकिरी-जांभळे टोकदार कोंब वर येतात, ती शेवळं. चव अशी की लोक वर्षभर वाट बघतात. पण नीट केली नाहीत तर घशाला जी खाज सुटते, ती विचारू नका. म्हणून त्यांच्यासोबत काकडं घालतात. काकडं म्हणजे छोटी, हिरवी, करकरीत आंबट फळं.

नाशिकहून ठाण्याकडे जाणारी एसटी पकडा आणि ती पडघ्याला थांबते का, हे कंडक्टरला आधीच विचारून घ्या. कसारा घाट उतरला की उकाडा अंगावर येतो. पुढे रस्त्याची कामं, कंटेनरची रांग, आणि खिडकीतून येणारी धूळ. मुंबईकडून येणाऱ्यांनी भिवंडीत धामणकर नाक्याची गर्दी टाळता आली तर टाळावी, नाही तर अर्धा जीव तिथेच जातो. पडघ्याला उतरून वडापाव आणि चहा घेतला. वडा गार होता, तरी खाल्ला.

बाजारात बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. एकीला भाव विचारला तर ती म्हणाली, "काकडं पन घ्यायला लागतील ताई. नुसती शेवळं मी कोनाला देत न्हाय. उद्या घसा धरून याल माझ्याकडं." मला ती बाई आवडली. पण मावशीने बजावलं होतं, विकत काही आणायचं नाही, आपल्या बांधावरची आहेत. मग शेअर रिक्षात चौथी सीट मिळाली, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारची अर्धी, आणि तशीच गावात पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीबरोबर बांधावर गेले. शेताचा मोठा तुकडा आता गोडाऊनला भाड्याने दिलाय. मागच्या भिंतीला लागून बांध उरलाय, आणि त्या भिंतीतून एक पाईप बाहेर आलाय. पाईपखालच्या पाण्यावर रॉकेलसारखा तवंग होता. वासाने माझं डोकं भणभणलं. आणि तिथेच शेवळं आली होती, बाजारातल्यांच्या दुप्पट जाड.

"बघ कशी पोसलीत," मावशी हरखून म्हणाली.

"मावशी, हे पाणी कशाचं?"

"गोडाऊन धुत्यात. साबनाचं आसल."

मी फेरा घालून वॉचमनला विचारून आले. तो म्हणाला, "ड्रम धोते हैं दीदी, केमिकल के. कौन सा, वो हमको नहीं बताते." हे मी मावशीला सांगितलं. तिने ऐकलं आणि पुढचा कोंब खुडला.

घरी तिने हाताला तेल लावून शेवळं सोलली, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकला, बारीक चिरून काकडांच्या रसात उकडली, पिळली आणि सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घालून परतली. वास सुटला तशी रूपाली ताट घेऊन बसलीच. पण या घरात रीत अशी की रांधणारीने आधी खायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं. मावशीने मोठा घास घेतला, गिळला आणि भिंतीला टेकून बसली. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"न्हाय खाजत," ती म्हणाली. "वाढ पोरीला."

मला खरंच भांडायचं नव्हतं. मी दमले होते. पण पळी हातात घेतली आणि हात पुढे जाईना. म्हटलं, "मावशी, खाज शेवळाची असते. ड्रमाचं पाणी खाजत नाही. ते काकडांनी जाणारही नाही आणि तुझ्या घशाला कळणारही नाही."

"माझं लगीन झाल्यापून इथलंच खाल्लं. कोनाला काय झालं?"

"तेव्हा पाईप नव्हता."

रूपालीचे डोळे भरले. "आई, मला खायचंय गं," ती म्हणाली आणि ताट हळूच बाजूला सरकवलं. मला फार वाईट वाटलं. गरोदर बाईच्या तोंडचा घास मी काढला होता, आणि माझ्याकडे पुरावा म्हणाल तर फक्त एक वास आणि वॉचमनचं एक वाक्य.

मावशी पातेलं घेऊन परसात गेली. कोंबड्या धावत आल्या. तिने त्यांना हाकललं, कुदळीने खड्डा केला, भाजी त्यात ओतली आणि वर माती ओढली. अन्न टाकताना मी तिला तोवर कधी पाहिलं नव्हतं. तिला डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, "एका घासानं काय मरत न्हाय." आम्ही पिठलं-भात खाल्ला.

परतीच्या एसटीत उभी राहूनच आले. तुम्हाला सांगायचं ते एवढंच: रानभाजी कोणती, हे ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या, आणि ती उगवली कुठे, हेही विचारा. गटार, गोडाऊन, कारखाना यांच्याजवळची असेल तर कितीही पोसलेली असो, सोडून द्या. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन दिवसांनी रूपालीचा फोन आला. मावशीची तब्येत ठीक आहे. मी निघाले त्या संध्याकाळी मावशी तिला बांधावर घेऊन गेली होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूने मावशीला हाताला धरून ती जागा दाखवली होती, तशीच तिने रूपालीला हाताला धरून दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि म्हणाली, "इथलं खायाचं न्हाय. तुझ्या पोराला पन दाव."