पाळकमामांची उघड्या डोळ्यांची प्रार्थना

प्रिय रिया आणि नील,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की तुमच्या तिथे अमेरिकेत शाळेत वर्गाच्या भिंतीवर बायबलमधल्या दहा आज्ञा लावाव्यात की नाही यावरून मोठी माणसं भांडतायत, तर ख्रिश्चन लोकांना नेमकं हवंय तरी काय? सगळ्यांचं मला माहीत नाही. मी एकाच ख्रिश्चन माणसाला जवळून ओळखत होते. ते नीट आठवतायत तोवर लिहून ठेवते. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

पाळकमामा डोळे उघडे ठेवून प्रार्थना करत. नात्यातले नव्हेत; चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून सगळे त्यांना पाळकमामा म्हणत. मूळचे नगरचे. इथे कॅनडात, रेजिना शहरात सरकारी कचेरीत इंजिनियर होते आणि रविवारी गावाबाहेरच्या एका लहानशा चर्चमध्ये उपदेश करत. बाकी सगळे डोळे मिटून बसले, की हे एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत नाव घ्यायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, डोळे मिटले की मला फक्त मीच दिसतो."

ते चर्च मला अजून स्वप्नात दिसतं. पांढरं, लाकडी. चहूकडे बर्फ इतका सपाट, की आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये. मामींच्या आग्रहाने एका नाताळला मी आणि तुमचे आजोबा तिथे गेलो. देवाच्या दारात पायातलं काढायचं, एवढंच मला ठाऊक. मी बूट काढले आणि मोज्यांवर आत गेले. सगळे म्हातारे शेतकरी माझ्या पायांकडे बघायला लागले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. मामांनी ते पाहिलं, खाली वाकले, स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मोज्यांवरच उपदेशाला उभे राहिले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. "होली ग्राउंड, फोक्स," ते हसून म्हणाले. "शी नोज इट. वुई फरगॉट." बायबलातही देव म्हणतो, ही पवित्र भूमी आहे, पायातलं काढ; ते आम्हीच विसरलो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या रविवारी एका शेतकऱ्याने जुन्या कोठारातल्या फळ्यांचा बुटांचा रॅक करून आणला.

त्यांचा मुलगा दानी नोकरीसाठी अमेरिकेत गेला. शाळेत प्रार्थना हवी, कायदा बायबलला धरून हवा, असं म्हणणाऱ्या लोकांत तो मनापासून सामील झाला. एकदा आम्ही मामांकडे जेवत असताना त्याचा फोन आला. मामांनी स्पीकर लावला. मामांनी येऊन त्या लोकांच्या सभेत बोलावं, असं दानीचं म्हणणं होतं.

"बाबा, माझ्या मुलांच्या कानावर शाळेत देवाचं नावसुद्धा पडत नाही. तुम्ही नाही बोलणार तर कोण?"

"दानी, आमच्या शाळेत रोज सरस्वतीची प्रार्थना व्हायची. वर्गात ख्रिस्ती मी एकटा. गुरुजी म्हणाले, तू नुसता उभा राहा, हात नको जोडूस. म्हणून माझा येशू माझ्यापाशी राहिला. आता मी दुसऱ्याच्या लेकराला हात जोडायला लावू?"

"यू आर जस्ट स्केअर्ड, बाबा. ऑलवेज." फोन बंद झाला.

मग दोन हिवाळे फोन आला नाही. मामा करायचे, तो उचलायचा नाही. जेवणाआधीच्या प्रार्थनेत दानीचं नाव शेवटी यायचं आणि मामा त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचे. मामी हळूच म्हणायच्या, "आमेन म्हणा आता. भाकरी गार झाली."

मामांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांना गाडीने चर्चला नेत असे. ते बसूनच प्रार्थना सांगत. एका रविवारी सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मामांचा आवाज मध्येच थांबला. मी डोळे उघडले. दारात दानी उभा होता, खांद्यावर बर्फ. फक्त मामांनी त्याला येताना पाहिलं होतं.

"दार लाव, दानी," ते मराठीत म्हणाले. "आणि बूट काढ."

दानी खाली वाकला. नाड्या सोडायला त्याला फार वेळ लागला. मामा थांबून राहिले.

मतं कुणाचीच बदलली नाहीत. त्या आठवड्यात दोघं रोज जेवताना भांडले, आणि भाकरी रोज गार झाली. मार्चमध्ये मामा गेले. दानी अजून त्या सभांना जातो, आणि दर नाताळला इथे येतो.

चर्चमध्ये आता दहा-बारा माणसं उरली आहेत. बुटांचा रॅक दाराशी आहे.

तुमची,
आजी