टीव्हीचं शटर

आमच्या टीव्हीला लाकडी शटर होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असायची. नाशिकमधल्या आमच्या कॉलनीत तेव्हा टीव्ही एकच, आमचा. त्यामुळे चौदाव्या वर्षी माझा तोरा काय विचारता! आठवड्याची ती विनोदी मालिका लागली की अर्धी कॉलनी आमच्या फरशीवर. शेवटची नावं सुरू झाली की मी खटकन शटर ओढायची. 'आता घरी जा' असं आईला तोंडाने म्हणावं लागू नये, म्हणून ही आमच्या घरची पद्धत.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, हाताखालचे ऑफिसातले एक क्लार्क मागच्या गल्लीत राहायचे. नाटकवेडे. मुंबईला जाऊन त्या मालिकेत छोटंसं काम करून आले आणि भेटेल त्याला सांगत सुटले. त्यांचे वडील येवल्याला पैठणी विणायचे. मुलाने माग सोडून नाटकाचा नाद धरला म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. त्या म्हाताऱ्यांना क्लार्ककाकांनी हातापाया पडून एसटीने आणलं आणि आमच्याकडे पुढच्या खुर्चीवर बसवलं.

सगळे खो-खो हसत होते, म्हातारे तेवढे गंभीर. पडद्यावर नवा माणूस आला की विचारायचे, "ह्यो का?"

"नाही बाबा, शेवटाला आहे."

नावं सुरू झाली. माझा हात शटरवर गेला. दाराशी उभे असलेले काका घाईने म्हणाले, "ताई, जरा थांबा ना, अजून..."

"अहो काका, संपलं! आता नावं काय वाचत बसायची?" मी शटर ओढलं, किल्ली फिरवली.

लोक हसले. साहेबांच्या घरात काका आणखी काय बोलणार? म्हाताऱ्यांनी चपला घातल्या. "खोटं सांगून कशाला आणलंस रे मला?" एवढंच म्हणाले.

पुढे कॉलनीत काकांचं नाव 'थापाड्या' पडलं. ते पाडणारी मीच. मग त्यांची कळवणला बदली झाली.

चार-पाच वर्षांनी तीच मालिका दुपारची पुन्हा लागली. आई आणि मी नट ओळखत बसायचो. "अगं, हा पोस्टमन म्हणजे हल्ली सिनेमात गुंड होतो तो!" "आणि ही बघ, साबणाच्या जाहिरातीतली!" एके दिवशी माझे हात कणकेने बरबटले होते, म्हणून नावं आली तरी शटर उघडंच राहिलं. बघते तर नावांच्या मागे गोष्ट चालूच! घरमालक दार उघडतो आणि समोर भलत्याच घरी वाजवायला आलेला बँडवाला. आमचे काका! आई हसून हसून लोळली आणि मग एकदम उठून बसली. "अगं बाई," म्हणाली. मला कणकेच्या परातीतून मान वर करवेना. सगळे नट ओळखत होते मी, आणि आमच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला खोटं ठरवलं होतं.

त्याच रविवारी कळवणची एसटी धरली. काकांच्या दारातच रडू फुटलं. "काका, तुम्ही होतात हो. मी पाहिलं. बाबांना सांगायला हवं..."

"बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, ताई."

काकांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग स्वतः समोर बसले आणि संकोचत म्हणाले, "मी तरी कुठे पाहिलंय ते? सांगा ना, कसं झालं होतं?"