वाळवंटी निवारा क्रमांक दोन, मुक्काम कुरवंडे

कुरवंड्याच्या वरच्या ठाकरवाडीत बहिरूचे घर कोणालाही सापडते. दारावर पत्र्याचा बिल्ला ठोकलेला आहे: 'वाळवंटी निवारा क्र. २ (प्रायोगिक)'. वाडीवर वर्षाला दीड-दोनशे इंच पाऊस पडतो आणि सर्वांत जवळचे वाळवंट पाचशे मैलांवर आहे. या दोन गोष्टींचा मेळ ज्या खात्याने घातला, त्याचे नाव इथे देता येत नाही. त्याच्या कागदांवर 'गोपनीय' असा शिक्का असे.

बहिरू कूड बांधतो. कारवीच्या काठ्या गुंफायच्या, वाखाच्या दोरीने आवळायच्या, शेणमातीने लिंपायच्या. अशी भिंत म्हणजे कूड. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलली की वाळते. पुढच्या उन्हाळ्यात ती तोडून वाडी आपली घरे नवी करते. तो उन्हाळा चुकला, तर जाड काठीसाठी पुन्हा तेवढीच वर्षे थांबायचे. १९६९चा उन्हाळा असा होता. बहिरूचे जुने घर त्या पावसात बसणार, हे त्याला आणि त्याच्या बायकोला, बायाला, दिसत होते. त्याने चाळीस भारे कारवी तोडून ठेवली.

त्याच उन्हाळ्यात खाते माळावर येऊन उतरले. सुटे भाग करून नेता येईल, वाळवंटात जोडता येईल, आत माणूस भाजणार नाही, असा निवारा त्यांना करायचा होता. चाचणीला लोणावळा निवडले, कारण खात्याच्या साहेबांना ऊन सोसत नसे. वाळू इंद्रायणीच्या खालच्या पात्रातून ट्रकने आली. वादळ रोजंदारीवर मिळाले: वाडीच्या सहा बायका सुपांनी वाळू पाखडत आणि साहेब घड्याळ धरून उभे राहत.

"जोरात, बाई! वादळ आहे हे!"

"सायेब, वारं तुमच्याकडं हाय," बाया म्हणाली. "पाखडू का?"

"पाखड!"

साहेबांचे डोळे दोन दिवस सुजले होते. नोंद झाली: 'वादळ समाधानकारक'.

निवारा क्रमांक एक म्हणजे भुसा भरलेले चोवीस पत्र्याचे तक्ते आणि शहाण्णव बोल्ट. कागदावर तो चाळीस मिनिटांत उभा राहत असे. तक्ते दोन वेगळ्या कारखान्यांत झाल्यामुळे भोके जुळेनात, आणि माळावर त्याला तीन दिवस लागले. आतले तापमान मोजायला खालच्या टाकवे गावच्या रखमाजी मुकादमाला भर दुपारी आत बसवले. चौथ्या मिनिटाला तो थर्मामीटरसकट बाहेर आला.

"किती?" साहेबांनी विचारले.

"तुमी जाऊन बगा," रखमाजी म्हणाला.

अशाच एका सकाळी साहेबांना घर चालताना दिसले. बहिरूने रानाजवळच्या सपाटीवर शेजारच्या नवशाचे कूड बांधले होते. चारचार गडी एकेक भिंत डोक्यावर घेऊन वाडीकडे निघाले होते. दुपारी घर उभे होते आणि त्यातून धूर येत होता. साहेबांनी बहिरूला बोलावले.

"पुन्हा उकलून दाखव."

"आता न्हाई, सायेब. चूल पेटली. चूल पेटल्यावर आमी गाठ सोडत न्हाई. पुडची कारवी फुलंपत्तोर न्हाई."

साहेबांची नजर चाळीस भाऱ्यांकडे गेली. "मग या कारवीचा निवारा बांध. जंगलातली आहे ना? परवाना कुठंय?"

परवाना वाडीत कोणाच्या आज्यापणज्यानेही पाहिला नव्हता. बहिरूच्या घराची कारवी अशी देशाच्या कामी आली. पंधरा मेला समिती येईल, पाहील, मग घर तुझे, असे साहेबांनी सांगितले.

"तुमचं घर वाळवंटाला चाललं," बाया म्हणाली. "आपुन कुटं ऱ्हायाचं? सुपात?"

समिती पंधराला आली नाही, बावीसलाही नाही. तीन जूनला आली आणि आधी चिक्की घ्यायला बाजारात थांबली. क्रमांक एकमध्ये तिने डोकावून पाहिले. क्रमांक दोनमध्ये ती चहा घ्यायला बसली ती उठेना. गारवा सर्वांना पटला. निवारा उद्याच्या मालगाडीने राजस्थानला पाठवावा, असे तिथेच ठरले. मृगाला चार दिवस उरले होते.

"सायेब, तुमी बोलला व्हता..." बहिरू म्हणाला.

"अर्ज कर," साहेब म्हणाले.

एकच चाचणी राहिली होती. अध्यक्षांनी कागद वाचला: 'वाहनाशिवाय स्थलांतर व पुन्हा उभारणी'. अंतराची जागा कोरी होती. ती भरायची साहेब विसरले होते.

"किती लांब न्यायचा?" अध्यक्षांनी विचारले.

साहेब कागद चाळू लागले. बहिरू म्हणाला, "न्हेता यील तितका न्हेऊ का?"

"चालेल," अध्यक्ष म्हणाले.

वाडीचे गडी आले, गाठी सुटल्या, भिंती डोक्यांवर चढल्या. समिती जीपमधून त्यांच्या मागोमाग निघाली. ओढ्याशी जीप थांबली आणि समिती बूट हातात घेऊन चढू लागली. ती वाडीत पोचली तेव्हा बहिरूच्या जागेवर क्रमांक दोन उभा होता आणि बाया चूल फुंकत होती. भात रटरटत होता.

"हे काय चालवलंय? उकला!" साहेब ओरडले.

"उकला की," बहिरू म्हणाला. "हात मात्र तुमचे लावा."

साहेबांनी गड्यांकडे पाहिले. गडी डोंगराकडे पाहत होते. मग रखमाजीकडे पाहिले. त्याने हात मागे घेतले. "सायेब, आमी शेतकरी मानसं, आमाला त्या गाठी येत न्हाईत," असे त्याने सांगितले. अध्यक्षांना भूक लागली होती. त्यांनी भात खाल्ला आणि लिहिले: 'पुन्हा उभारणी समाधानकारक, स्वयंपाकासह'.

क्रमांक एक मालगाडीने गेला. त्याचे पुढे काय झाले, ते गोपनीय आहे. क्रमांक दोन सरकारी नोंदीत तसाच राहिला, म्हणून दर मे महिन्यात एक कारकून पडताळणीला येतो. पावसात ओढा ओलांडता येत नाही. त्याच्याजवळ छापील प्रश्न असतात.

"वाळूच्या वादळात टिकला काय?"

"आजून आलं न्हाई," बहिरू खरे ते सांगतो. कारकून 'होय' लिहितो.

पुढच्या वर्षी, शहात्तर साली, कारवी फुलेल आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात घर उकलावे लागेल. कारकुनाने यंदा बजावले की सरकारी निवारा चाचणी पुरी झाल्याशिवाय उकलता येत नाही, आणि वादळाची चाचणी अजून बाकी आहे.

"मग लिवून घ्या," आतून बाया म्हणाली. "सूप हाय घरात. वादळ कवा पाखडू, इचारा सायेबाला."