नानांची हाळी

निजामाच्या अख्ख्या मुलखातून करोडगिरीची जकात न भरता हद्दीपार जाणारी चीज एकच होती, आणि ती आमच्या बांधशेजारी नानांच्या गळ्यातून निघायची. तामलवाडीच्या खालच्या अंगाला आमचं गाव, आणि गावाच्या शिवेवर एक ओढा. ओढ्याच्या अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज, आणि मध्ये नाक्यावर खाट टाकून बसलेला जकातीचा जमादार. पलीकडं दिलेल्या लेकीला कुणी शेरभर हुरडा न्यायचा म्हटलं, तरी तो गाठोडं सोडायला लावायचा, मूठभर तोंडात टाकून ‘कच्चा है’ म्हणायचा आणि वर जकात घ्यायचा. नानांची हाळी मात्र त्याच्या डोक्यावरून, मिशीला वारा घालत, सरळ पल्याड.

देवानं नानांना गळा दिला, पण त्याला झाकण द्यायचं राहून गेलं. त्यांनी आपल्या बैलाला ‘हो’ म्हटलं की तीन शिवारांतली औतं जागच्या जागी थांबत. त्यांच्या जोंधळ्यात पाखरू म्हणून कधी उतरलं नाही. गोफण त्यांनी जन्मात हातात धरली नाही, आणि आम्ही शेजाऱ्यांनी त्यांच्या नुसत्या खोकल्यावर आमचीही कणसं राखून घेतली. एकदा त्यांनी माझ्या कानात गुपित सांगितलं, की गाभण म्हैस विकायचीय, कुणाला बोलू नको. माझा कान वाजायचा थांबेस्तोवर त्यांच्या दारात दोन गिऱ्हाइकं उभी. नानी म्हणाली, “तुमच्या पोटात ऱ्हातं ते फकस्त जेवण.”

अशा माणसाच्या पोटी काशी जन्मली. मुकी वाटावी इतकी शांत. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘हूं’. नाना म्हणत, “गळा माझाच हाय तिचा. पर पेटीत ठिवलाय, सणासुदीसाठी.” पलीकडच्या गावची मंडळी तिला बघायला आली, तेव्हा नाना नानीच्या कानाशी लागले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणं कुजबुजले, “पोरगं बरं हाय, पर कान लई मोठे.” आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या. नवरदेव पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. सोयरीक मोडली असं धरून मी पानाचं तबक मागं ओढलं. पण नवरदेवाचा बाप मोठा थंड माणूस. म्हणाला, “मोठे हायत ते बरंच की, पाव्हणं. तुमची लेक बोलती हळू. तिला असलाच दादला पायजे.”

काशी ओढ्यापलीकडं गेली आणि नाना रोज दिवेलागणीला जोंधळ्यातल्या माळ्यावर चढू लागले. करडईच्या रानावरून ऊन उतरलेलं असे, दोन्ही गावांच्या चुलींचा धूर ओढ्यावर एकमेकांत मिसळून आडवा झोपलेला असे, कुठला निजामाचा आणि कुठला इंग्रजाचा हे धुरालाही सांगता येऊ नये. त्या धुरावरून ती हाळी जायची, “काशेऽऽऽ, जेवलीस का गंऽऽ?” अलीकडच्या बाया त्या हाळीवर दिवा लावत, आणि पलीकडच्याही लावतात असं ऐकून होतो. उत्तर कधी आलं नाही. येणार कसं? काशीच्या सासरी सुनेनं चूल फुंकली तरी आवाज बाहेर जाता कामा नये अशी रीत. नाना वाऱ्याकडं कान करून थांबत, मग खाली उतरून सांगत, “हूं म्हणली.”

“वाऱ्याला इचारताव, आन् वाराच हूं म्हणतूय,” नानी म्हणे. पण त्यांचं ताटही ती त्यानंतरच वाढे. लेकीला विचारल्याबिगर नानांच्या घशाखाली घास उतरत नसे.

जमादार टोमणा मारी, “नाना, रोज माल भेजते, महसूल कोन देगा?”

“तोला की, जमादारसाब. काटा तुमचाच हाय.”

त्याची स्वतःची पोर गुलबर्ग्याकडं दिलेली होती. हाळी डोक्यावरून जाईपर्यंत तोही विडी ओढायची थांबवायचा.

मग पलीकडचा इंग्रज गेला, अलीकडचा निजाम अडून बसला, आणि ते गडबडीचं साल आलं. हद्द बंद झाली. नाक्यावर बंदुका आल्या, आणि ओढ्यात पाय घालणं म्हणजे जिवाशी खेळ झाला. जमादार एका दुपारी टोपी हातात घेऊन नानांच्या दारात आला. “नाना, अब हाळी बंद करो. ऊपरवाले बोलते, ये इशारा है. गोली चलाएंगे.” नाना काही बोलायच्या आत नानीनं माळ्याची शिडी काढून आणली आणि चुलीच्या मागं उभी केली.

त्या सांजेला गाव चुकलं. दिवे उशिरा लागले, म्हशी गोठ्याच्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या. नाना बांधावर बसून होते. नानीनं ताट आणलं, ते त्यांनी हातानं सरकवलं. “तिला न इचारता?” एवढंच. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी शेजारी बसून राहिलो. दाणे काढून घेतलेली कणगी दिसते ना, तसे ते दिसत होते.

तिसऱ्या सांजेला धुरापलीकडून काहीतरी आलं. मला आधी टिटवी वाटली. मग शब्द लागले.

“नानाऽऽऽ, जेवलाव काऽऽ?”

पलीकडच्या एका माळवदावर बोटाएवढी बाई उभी होती. तोच गळा, तोच शेवटाला घेतलेला हेलकावा. पेटी उघडली होती. नाक्यावरचे बंदूकवाले खाटेवरून उठले, तसा जमादार म्हणाला, “उधर का आवाज है, साब. अपने हुकूम में नहीं बैठता.” नानी पिठाच्या हातानं बाहेर आली. सगळं गाव नानांकडं बघू लागलं, आता हा बाबा आभाळ फाडणार. सवयीनं मी कानांवर हात ठेवले.

नाना उठले. त्यांनी तोंड उघडलं. नाक्याकडं पाहिलं, नानीकडं पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा ते हळू बोलले. इतकं हळू, की हातभर अंतरावरच्या मला कानावरचे हात काढून ते अर्धंमुर्धं टिपावं लागलं.

“जेवलो गं.”

मग नानीकडं वळून म्हणाले, “वाढ.”

पुढं हद्द गेली, नाका गेला, निजामाची सत्ताही गेली. पंचमीला काशी नवऱ्यासंगं गाडीतून माहेरी आली, आणि ओढ्यात कुणी गाठोडं सोडायला लावलं नाही. मी तिला विचारलं, त्या सांजेला तुला काही ऐकू आलं होतं का?

“मला कुठलं येतंय?” काशी म्हणाली. “ह्यांनी ऐकलं.”

जावयानं आपला तो मोठा कान खाजवला. “‘जेवलो’ म्हणले,” तो म्हणाला. “पर आवाज उपाशी माणसाचा व्हता.”

नाना जाऊनही आता जमाना झाला. माझे कान बेताचेच आहेत, आणि वयानं तेही मंदावले. तरी दिवेलागणीला ओढ्यावर धूर आडवा झाला की मी पहिला घास हातात धरून जरा थांबतो.