रघूच्या घरचा चहा

माझी बायको म्हणते, ह्यांच्या पोटात काही राहत नाही. ते खरंच आहे — एक गोष्ट सोडून. ती मी तिलाही सांगितलेली नाही. मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर धीर झाला नसता.

लोक मला चांगला माणूस समजतात. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात लहानसं घर बांधलं. आसपासच्या शाळांत बक्षीस समारंभ असला की मला बोलावतात. मी जातो. माझ्या शिक्षणाची हकिगत सांगतो. आमच्या गावातला मी पहिला पदवीधर. सांगलीला कॉलेजात होतो तेव्हा खेड्यातल्या पोरांचा डबा गावाहून एस.टी.नं यायचा. घरच्यांनी सकाळी फाट्यावर नेऊन गाडीत ठेवायचा, कंडक्टरनं सांगलीच्या स्टँडवर उतरवायचा, आणि आम्ही पोरांनी ढिगातून आपापला ओळखून उचलायचा. माझी आई मी सातवीत असतानाच गेली होती. घरात भाकरी थापणारं कुणी नव्हतं. माझा डबा करायची शेजारची गोदामावशी, आणि सायकलवरून फाट्यापर्यंत न्यायचा तिचा मुलगा रघू. रघू माझ्याच वर्गातला, नववीत दोनदा नापास होऊन शाळा सोडलेला. पाऊस असला की स्वतःच्या डोक्यावरचं पोतं काढून तो डब्याला गुंडाळायचा. चार वर्षं मी त्या घरची भाकरी खाल्ली.

एवढं मी सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात. मी खाली बसतो.

पुढचं सांगत नाही.

बी.ए. झालो, सांगलीतच एका बँकेत कारकून म्हणून लागलो. गावानं फेटा बांधला, नारळ दिला. सगळे मला बीए म्हणायला लागले — 'बीएला विचारा', 'बीए आला काय बघा'. मला ते फार आवडायचं. वडील मात्र निकालाच्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "आता पगार कवा सुरू व्हायचा?" मला वाटलं, बोलत नाहीत, पण आतून सुखावले असतील. असेच आहेत ते. स्वभावच तसा.

रघू माझ्या निकालाच्या थोडंच आधी साताऱ्याला भरतीत जाऊन फौजेत गेला होता. तिथं तो ड्रायव्हर झाला. एकाहत्तरची लढाई संपली, त्याची मुदत भरली आणि तो घरी आला. अंगानं भरलेला, मिशा राखलेल्या. येताना हिंदी शिकून आला होता. आल्या आल्या त्यानं पाटलाचं बंद पडलेलं पाण्याचं इंजिन चालू करून दिलं. मग दुसऱ्याचं. मग माणसं त्याला शोधत येऊ लागली. मी शनिवारी गावी जायचो तेव्हा पूर्वी माझ्याभोवती चारदोन जण जमायचे — कुणाला अर्ज लिहून हवा, कुणाला पत्र वाचून. आता तीच माणसं मला ओलांडून रघूकडे जायची. त्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. तरी वाटायचं.

मिरजेतले एक डॉक्टर आपली जुनी अँबॅसडर विकणार होते. रघूला ती हवी होती. आमच्या भागातून आजारी माणसाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे बैलगाडीनं फाट्यापर्यंत, आणि तिथून एस.टी. मिळेल तेव्हा. रघूचं म्हणणं, गाडी असली तर दवाखान्याची भाडी मिळतील, लग्नसराईत वऱ्हाडाची मिळतील, आणि आईला सोडून परत कुठं लांब जावं लागणार नाही. हे शेवटचं तो हळू आवाजात म्हणाला होता. गोदामावशीला दुसरं कुणी नव्हतं.

"शंकऱ्या, तुझ्या ब्यांकेत व्हईल काय रं माझं काम?" त्यानं विचारलं.

खरं सांगतो, तेव्हा मला आनंद झाला. कर्जाचे कागद कसे जोडायचे, जामीन कोण घ्यायचा, सगळं मीच सांगितलं. जमीन थोडी होती, पण नावावर होती. फौजेचा दाखला चांगला होता. कुठं खोट नव्हती. तो मागत होता आणि मी देववणार होतो — तोवर माझ्या मनात काही वाईट नव्हतं. आता कळतं, तो आनंद कसला होता ते.

मग तो रविवार आला. डॉक्टरांनी गाडी चालवून बघायला रघूला दिवसभर दिली होती, आणि तो ती थेट गावात घेऊन आला. मी घराच्या कट्ट्यावर वाचत बसलो होतो. गाडीमागं पोरं धावत होती, कोंबड्या पळत होत्या. गाडी थांबली, आणि पुढच्या सीटवर कोण होतं माहीत आहे? माझे वडील. ते शेतातून परतत होते, रघूनं त्यांना वाटेत गाडीत घेतलं होतं. चिखलाच्या पायांनी बसायला ते तयार नव्हते, तर त्यानं आपला टॉवेल पायांखाली अंथरला होता. वडील हात मांडीवर ठेवून सरळ बसले होते. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. माझ्या निकालाच्या दिवशी नाही, पहिला पगार हातात ठेवला त्या दिवशीही नाही.

"बस की बीए, मागं जागा हाय," रघू म्हणाला.

मागं. पोरांच्यात. मी बसलो. काय करणार? गाडी देवळापर्यंत गेली आणि परत आली. मी वडिलांच्या मानेकडे बघत होतो.

त्यानंतर तालमीपुढं बसून ते जो भेटेल त्याला सांगायचे, "रघूनं राजावानी बशिवलं बघ मला." कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "आवं दादा, आता बीएला सांगा, एक गाडी घे म्हणावं." वडील हसून म्हणाले, "त्यो कशाला घेतूय? त्येला बसायला खुर्ची हाय न्हवं." सगळे हसले. माझ्यावर राग धरून बोलले नव्हते ते. गमतीनंच बोलले होते. पण ते हसू माझ्या कानात घर करून बसलं. काउंटरवर नोटा मोजताना ऐकू यायचं. सांगलीच्या रस्त्यावरून एखादी मोटार गेली की ऐकू यायचं. सगळं शिक्षण, सगळे जागून केलेले अभ्यास — आणि वडिलांना राजा केलं कुणी, तर नववी नापास रघूनं. ह्याला मत्सर म्हणतात हे मला पुस्तकातून माहीत होतं. तो असा जेवतानाही छातीवर बसतो, हे माहीत नव्हतं.

आता ते सांगायला हवं. मी उगाच लांबवतोय.

आमचे मॅनेजरसाहेब जुन्या वळणाचे. कर्ज द्यायच्या आधी ते स्वतः गावात जाऊन घर बघून यायचे, आणि सोबत त्या भागातला बँकेतला माणूस न्यायचे. पण त्याला काही विचारायचे नाहीत. त्यांनी मला एकदा हसत हसत सांगितलं होतं, "विचारलं की माणूस एकतर भीड धरतो, नाहीतर दावा साधतो. मी फक्त बघतो, आपला माणूस त्या घरचा चहा घेतो की नाही." आमच्याकडे तसंच आहे. ज्याचं वागणं बरं नाही, ज्याच्या घरात काही काळंबेरं आहे, त्याच्या घरचा चहा कुणी घेत नाही. तोंडानं कुणी काही बोलत नाही. कप तसाच ठेवला की सगळं बोलून होतं.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

साहेबांच्या स्कूटरवर मागं बसून मी रघूच्या घरी गेलो. अंगण सारवलेलं होतं. रघूनं इस्त्रीचा सदरा घातला होता. फौजेतल्यासारखा ताठ उभा होता बिचारा. साहेबांनी घर पाहिलं, गोठा पाहिला, चार प्रश्न विचारले. खूश दिसले. मग गोदामावशी चहा घेऊन आली. त्या घरात एरवी गुळाचा चहा व्हायचा; त्या दिवशी साखर आणली होती, आणि कपबशा कुणाच्या तरी घरून मागून आणलेल्या — नव्या, निळ्या काठाच्या. साहेबांनी कप घेतला. रघूनं घेतला. मी माझा कप हातात घेतला, आणि शेजारच्या पेटीवर ठेवला.

"घे की रं, निवंल," मावशी म्हणाली.

"नको मावशी."

"का रं? पित्त झालंय काय तुला?"

बघा — तिनं स्वतःच्या हातानं मला वाट काढून दिली होती. 'व्हय' म्हणालो असतो तरी चाललं असतं. साहेबांनी ते मनावर घेतलं नसतं, आणि मला माझा मत्सर पोटात घेऊन तसाच परत जाता आलं असतं.

मी म्हणालो, "न्हाई. तसं काय न्हाई."

साहेबांनी कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं. मावशी पदराला हात पुसत उभी होती. रघूचं लक्षच नव्हतं. तो साहेबांना गाडीच्या इंजिनाबद्दल काहीतरी सांगत होता.

परतताना फाट्यावर साहेबांनी स्कूटर थांबवली. त्यांनी विचारायचं नाही असं ठरवलेलं असायचं, तरी त्या दिवशी विचारलं, "तुमचं आणि त्याचं काही वाकडं आहे का?" ही दुसरी वाट. मी म्हणालो, "नाही साहेब. बालमित्र आहे माझा." तेही खरंच होतं. आणि म्हणूनच साहेबांना वाटलं असणार की, ज्याचा बालमित्रसुद्धा चहा घेत नाही, तो माणूस काय असेल. ते एवढंच म्हणाले, "समजलं." त्या संबंध दिवसात मी एक शब्द खोटा बोललो नाही. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं.

कर्ज नामंजूर झालं. रघू काउंटरवर आला तेव्हा मला वाटलं, आता हा मला धरतो. त्यानं माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "तू मनाला लावून घिऊ नगो गड्या. सायबाच्या म्होरं तू तरी काय बोलणार? तुझी नोकरी हाय." आणि मला खाली नेऊन त्यानंच चहा पाजला. तो मी प्यालो.

गाडी विट्याच्या एका माणसानं घेतली. त्याचं दक्षिणेत कुठंतरी सोनं गाळायचं दुकान होतं. दिवाळीला गावी आला होता, परत जाताना गाडी घेऊन जाणार होता. त्याला ड्रायव्हर हवा होता. रघू गेला. जी गाडी त्याची व्हायची, तीच दुसऱ्याची म्हणून चालवत गेला. निघताना आईला पाया पडायला म्हणून ती गल्लीत आणली होती. मी तिथं होतो. तुम्हाला वाटेल मला पश्चात्ताप झाला. नाही. त्याचा एक हात खिडकीवर, एक चाकावर होता, तो किती सहज मागं वळून गाडी काढत होता — आणि मला तेव्हाही त्याचा हेवा वाटत होता. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा बरं वाटलं. पश्चात्ताप फार पुढं आला.

रघू तिकडेच राहिला. वर्षातून एकदा यायचा. मावशी एकटी. मी शनिवारी गावी गेलो की तिच्याकडे जायचो. न जाऊन कसं चालेल? गेलो की ती चूल पेटवायची. "बस. त्या दिवशी साखर कमी पडली हुती न्हवं का? आज बघ." आणि इतकी साखर घालायची की ओठ चिकटायचे. दर खेपेला तेच. मी दर खेपेला सगळा चहा प्यायचो.

ती थकली, तिला नीट दिसेना, तेव्हाची गोष्ट. मी कप हातात घेतला होता. ती चुलीकडे बघत म्हणाली, "सायबानं तुझा कप बघितला हुता, शंकर. मी बघितलं. माझ्या चहानंच घात केला बघ पोराचा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई मावशी, चहा चांगला हुता."

ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "पिला न्हाईस की तू. तुला कसं ठावं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. हातातला चहा निवत आला होता. तो मी संपवला आणि कप धुऊन पालथा घातला.