अळणी रोल

माझी ताई कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिलाई मारते. कुणाची पँट आत घे, कुणाच्या बाह्या आखूड कर, कुणाची चेन बदल. आठवडाभर मान मोडून काम, आणि रविवारी जरा पाठ टेकावी तर ही बया ओट्याशी उभी. मैदा मळायचा, लाटायचा, लोणी फासून घडी घालायची, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचा, पुन्हा लाटायचा. आत कोबी, गाजर, मटार परतून. ‘अगं, बेकरीत मिळतात की रोल,’ म्हटलं तर म्हणते, ‘बेकरीवाल्याला आमच्या घरातली तोंडं माहीत आहेत का?’

आणि तोंडं तरी कसली! पोरीला कांदा चालत नाही. सासूबाईंना दात नाहीत, त्यांची भाजी पार गिचका. भावोजींच्या किडन्यांनी हात टेकले तेव्हापासून त्यांना मीठ बंद. भाजून निघाले की सगळे रोल दिसतात सारखेच, म्हणून ताईने शिवणकामातली युक्ती उचलली. कुठली बाही कुठल्या बाजूची ते कळावं म्हणून कापडाच्या कडेला बारीक खाच मारतात, तशीच रोलच्या टोकाला सुरीने. एक खाच पोरीची, दोन सासूबाईंच्या, तीन भावोजींच्या.

तरी भावोजींचे पाय सुजतच राहिले. दर खेपेला डॉक्टर ताईलाच झापायचे, ‘बाई, यांना मीठ देतंय कोण?’ तिचा चेहरा एवढासा व्हायचा. घरी येऊन डबे हुंगायची, पावाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचत बसायची, स्वतःवरच संशय घ्यायची. मला नुसता संताप यायचा.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. पाणी आणायला उठले, वळून पाहते तर सासूबाई आपला रोल मुलाच्या ताटात सारून त्याचा अळणी रोल आपल्याकडे ओढत होत्या. हात इतका सराईत, की पत्ते पिसणाऱ्यानं लाजावं. भावोजी खाली मान घालून खात होते. मी तिथल्या तिथे बोंब मारली.

 ताई म्हणाली, ‘आई, मी त्यांना जगवायला बघतेय हो.’

‘मग मी काय मारायला बघतेय?’ म्हातारी उसळली. ‘तोंडाला चव लागली की माझं लेकरू हसतं तरी. तुझ्यासमोर हसतो का कधी?’

असं बोलावं का माणसानं? माझे हात शिवशिवले. पण ते खोटंही नव्हतं. भावोजी हल्ली ताईला बिचकूनच असायचे. त्या दिवसापासून ताई जेवताना मायलेकांच्या मध्ये बसू लागली. म्हातारी तरी संधी साधायचीच.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी ताईला एकटीलाच आत बोलावलं. बाहेर आली ती भिंतीला धरून. मला म्हणाली, ‘आता पथ्य नको म्हणाले. मागतील ते खाऊ द्या म्हणाले.’ भावोजींना तिने सांगितलं, रिपोर्ट बरे आहेत. सासूबाईंना काहीच सांगितलं नाही.

रविवारी तिने रोल केलेच. एकाच कढईत भाजी, बिनकांद्याची, मऊ शिजवलेली, आणि चवीपुरतं मीठ घातलेली. रोल वळून झाल्यावर तिने सुरी उचलली, पण खाच न मारताच ठेवून दिली आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. मला तिच्याकडे बघवेना.

जेवायला ती मध्ये बसली नाही, टोकाला बसली. सासूबाईंनी सवयीने हात पुढे केला आणि थबकल्या. हा रोल उलटून पाहिला, तो उलटून पाहिला.

‘याचा कुठला गं?’

‘सगळे सारखेच आहेत, आई. खाऊ द्या त्यांना.’

म्हातारी ताईकडे बघत राहिली. ताईने मान वळवली.

‘असं कसं गं?’ म्हातारीचा आवाज फाटला. ‘त्याचे अळणीच कर. मी नाही देणार आता काही. शप्पथ, नाही देणार. तू बस की इथं मध्ये. बस ना गं!’

भावोजींनी मान वर केली नाही. ‘आज झकास झालेत,’ एवढंच म्हणाले आणि दुसरा रोल घेतला.