सायमाच्या घरचं एस्पेरांतो

सायमा कल्लिओनिएमी फिनलंडमधल्या आमच्या ताम्पेरे शहरातल्या कापड गिरणीत माग चालवायची. मागांचा खडखडाट एवढा असायचा की तिथल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या, नाहीतर हातांनी खुणा करायच्या. पलीकडच्या रांगेतली बाई कुणाची चहाडी करतेय, हे सायमाला हातातलं काम न सोडता कळायचं. गिरणीबाहेर आली की मात्र दिवसभराचं तुंबलेलं बोलणं बाहेर पडायचं, आणि मग तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

आमची ओळख झाली कामगार भवनाच्या वरच्या मजल्यावर, एस्पेरांतोच्या वर्गात. मी तेव्हा नगर वाचनालयात नुकतीच लागले होते. वर्ग घ्यायचे एन्सिओ मास्तर. शाळेत भूगोल शिकवणारे, उंच, शांत, कोटाला कायम खडू लागलेला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं, ही भाषा मुद्दाम बसवलेली आहे, तिच्यात एकही अपवाद नाही, म्हणून ती जगातली सगळ्यात सोपी भाषा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सायमाने हात वर केला.

"मास्तर, फळ्यावर हे दोन शब्द कशाला? 'ली' म्हणजे तो, 'शी' म्हणजे ती. आपल्याकडे एका 'हॅन'मध्ये भागतं की. माणसाबद्दल बोलायच्या आधी त्याने विजार घातलीय की झगा, याची चौकशी करत बसायची?"

"बहुतेक भाषांमध्ये असतं तसं, सायमा."

"मग ही सोपी कशी? आमच्यापेक्षा अवघडच झाली की."

पुढच्या आठवड्यात 'पात्रो' म्हणजे बाप आणि 'पात्रीनो' म्हणजे आई हे आलं. बापाच्याच शब्दाला 'इन' जोडलं की बाई होते, असं मास्तरांनी समजावलं. सायमा म्हणाली, "म्हणजे माझी आई बापीण? बरं, ती इथे ऐकायला नाही, नाहीतर तुमची काही खैर नव्हती."

सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. शिवाय त्यांनी मान्य केलं की भाषा बसवणाऱ्याने इथे जरा दुसरा विचार करायला हरकत नव्हती.

पण या भाषेतली एक गोष्ट सायमाला पहिल्या दिवसापासून आवडली. क्रियापदाच्या आधी 'एक्' लावलं की काम नुकतंच सुरू झालं. हा आकडा नव्हे, नुसता एक छोटा तुकडा. शेवटाआधी 'आद' घातलं की काम चालूच राहिलं. आमच्या फिनिशमध्ये मोजा पुरा विणला की अजून सुयांवरच आहे, हे 'मोजा' शब्दाच्या शेपटीवरून कळतं. इथे ते क्रियापदात कळत होतं. "हे मागासारखं आहे," ती म्हणाली. "खटका दाबला, एक्. माग चालला, आद. हे मला जमेल."

आणि जमलं. 'तो' आणि 'ती' मात्र जमेना. तिच्या बोलण्यात तिचा भाऊ लाकडं फोडून दमलेली असायची आणि आई पाव भाजत बसलेला असायचा.

दोन उन्हाळ्यांनंतर तुर्कूजवळच्या एका बेटावर एस्पेरांतोवाल्यांचं शिबिर भरलं. तिथे स्वीडनहून लोरांद आला. मूळचा हंगेरीचा. तिकडचा उठाव मोडला तेव्हा सीमा ओलांडून बाहेर पडलेला, आता बुटांच्या कारखान्यात चामडं कापणारा. धक्क्यावर बसून आम्ही धुरावलेला मासा खात होतो. समोर एक डॅनिश बाई गात होती. लोरांद सायमाकडे वळून अगदी गंभीरपणे एस्पेरांतोत म्हणाला, "तो फार छान गातो."

सायमाने घास थांबवला. "तो नाही, ती. आमचे मास्तर तसं म्हणतात."

"आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे हो. माझी नेहमी पंचाईत होते."

"आमच्याकडेपण एकच!" सायमा ओरडली.

त्यानंतर ती दोघं अशी हसली की त्या बिचाऱ्या बाईला वाटलं आपण बेसूर झालो. ती गायची थांबली. लोरांदने जाऊन तिची माफी मागितली आणि परत येऊन सांगितलं, "तो रागावला नाही."

पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं. लोरांद ताम्पेरेला आला, इथल्या बुटांच्या कारखान्यात लागला आणि कामापुरतं फिनिश शिकला. घरात मात्र एस्पेरांतो. गिरणीतल्या बायका सायमाला छळायच्या. "नवऱ्याशी पुस्तकातली भाषा बोलतेस, मग भांडतेस कशी गं?" सायमा म्हणायची, "व्याकरणशुद्ध."

त्यांची मुलगी एमेशे याच भाषेत वाढली. आईबाप दोघंही 'तो' आणि 'ती' मन मानेल तसं वापरणारे, त्यामुळे पोरीला नियम कुठून कळणार? तिने स्वतःच एक बसवला. घरातली, जवळची माणसं ती 'ती': आई ती, बाबा ती, मांजर ती, मी इर्यामावशीही ती. बाहेरची सगळी 'तो': दूधवाली, पाद्री, दवाखान्यातली नर्स. नियम पक्का होता, पोरगी त्यात कधी चुकत नसे. पण हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

ते लक्षात आलं आमच्या एस्पेरांतो क्लबच्या नाताळच्या मेजवानीत. एमेशे तेव्हा पाच वर्षांची. मास्तरांनी तिला विचारलं, "बाबा कुठे गं?"

"ती बाहेर बूट काढतेय."

"तो. बाबा तो असतो."

"ती," एमेशे म्हणाली. मग मास्तरांच्या बायकोकडे बोट दाखवून, "तो कॉफी पितोय."

लोक हसले. मास्तर ओरडले नाहीत, रागावले नाहीत. पण ते मास्तरच. गुडघ्यावर बसून त्यांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा बरोबर वाक्य म्हणून घेतलं, आणि दर वेळी कुणीतरी हसलं. आलूबुखाऱ्याचा मुरंबा भरलेली चांदणीच्या आकाराची पेस्ट्री हातात तशीच धरून पोरगी खाली बघत राहिली.

त्या दिवसापासून एमेशे एस्पेरांतो बोलेना. आईने काही विचारलं की फिनिशमध्ये उत्तर. बापाशी तर बोलणंच बंद, कारण बापाचं फिनिश कारखान्यातलं, त्यात गोष्ट सांगता येत नव्हती. लोरांद रोज रात्री तिच्या पलंगाशी बसायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपायची.

सायमा मास्तरांकडे गेली. मी बरोबर होते. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण ती खुर्चीत बसून शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुमचं बरोबर होतं."

मास्तर गोंधळले. "मग?"

"मग काय, नियम जागेवर आहे आणि माझी मुलगी गप्प झालीय. तिचापण एक नियम होता. मी चार दिवस डोकं लावून तो शोधून काढला. घरची माणसं ती, परकी माणसं तो. तुम्ही तिला काय सांगितलंत? की तिचा बाप परका आहे."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मी माफी मागू का तिची?"

"माफी नको. गुरुवारी जेवायला या. वाटाण्याचं सूप असतं."

गुरुवारी मास्तर आले. सूप झालं, पॅनकेक झाले. निघताना दाराशी त्यांनी एमेशेला एस्पेरांतोत विचारलं, "बाई, तुमच्या हिशेबात मी कोण? तो की ती?"

पोरीने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडून एस्पेरांतो आलं. "अजून तो."

मास्तर गुरुवारचे येत राहिले. बर्फ वितळायला लागलं तशा एका वर्गात त्यांनी खडू खाली ठेवला आणि चेहरा सरळ ठेवून आम्हाला सांगितलं, "एक घोषणा आहे. कालपासून मी ती आहे." असं मानपत्र त्यांना शाळेनेही कधी दिलं नसेल. शाळेत जाईपर्यंत एमेशे पुस्तकातला नियमही आपोआप शिकली. तो तिला कुणी शिकवला नाही.

मास्तर थकल्यावर वर्ग सायमाकडे आला. ती भराभर शिकवायची, विद्यार्थ्याचं वाक्य अर्ध्यातच पुरं करून टाकायची. तिच्यात दोष म्हणायचा तर एवढाच. आणि तोच पुढे तिला नडला.

एमेशे हेलसिंकीला शिकत असताना लोरांदला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. फिनिश गेलं, हंगेरियन गेलं, एस्पेरांतोही. डोळ्यांत सगळं दिसायचं, तोंडातून नुसती हवा यायची. सायमा दिवसभर पलंगाशी बसून त्याचे ओठ बघत राहायची.

एका सकाळी मी दवाखान्यात गेले तर नर्स त्याला पाणी पाजत होती आणि सायमा तिला अडवत होती.

"उचकी लागलीय त्यांना," नर्स म्हणाली.

"उचकी नाही हो ती! क्रियापद आहे. निम्मं तरी आहे."

लोरांद पुन्हा म्हणाला, "एक्." आणि डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवलं. एस्पेरांतोत ते नुसतं म्हटलं तरी चालतं: चला, लागा, निघा. सायमाने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि भर वॉर्डात रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

वाचा परत आणायचं काम करणारी मार्केट्टा नावाची बाई होती. चांगली होती, मनापासून करायची. ती म्हणाली, "एका वेळी एकच भाषा घेऊ या. फिनिश. दुकानात, दवाखान्यात तीच लागेल."

"दुकानात मी जाईन," सायमा म्हणाली. "घरात त्याला माझ्याशी भांडायचंय, त्याचं काय?"

शेवटी दोघींनी वाटणी केली. सकाळी मार्केट्टाचं फिनिश, दुपारी सायमाचं एस्पेरांतो. लोरांदला हळूहळू शब्दाचं मूळ यायला लागलं, शेपूट येईना. पाण्याचा नुसता 'आक्व', पिण्याचा नुसता 'त्रिंक'. मग सायमाने गिरणीतल्यासारख्या खुणा बसवल्या. अंगठा वर केला की वस्तू, तर्जनी वर केली की क्रिया. चुटकी वाजवली की 'एक्', बोट गोल फिरवलं की 'आद'. मूळ तोंडाने, व्याकरण डाव्या हाताने. मार्केट्टा कोपऱ्यात बसून हे बघायची. त्यातल्या दोन-तीन खुणा तिने आपल्या दुसऱ्या रुग्णांसाठी उचलल्या.

पण सायमाची घाई जाईना. तो 'क' म्हणाला की ही कॉफी ओतायला धावायची. एका दुपारी मी त्यांच्या घरी कॉफीला गेले असताना तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "फिन." म्हणजे शेवट, संपणं. सायमा पांढरी पडली. "फिनीता? संपलं? असं नको रे बोलूस." त्याने जोरात मान हलवली. हिने ऐकलं नाही, त्याच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. त्याने टेबलावरचा कप उचलून भिंतीवर फोडला.

सायमा गप्प झाली. तुकडे तसेच राहू दिले. समोर बसली, हात मांडीवर ठेवले आणि पहिल्यांदाच खरोखर थांबली. किती वेळ ते मला ठाऊक नाही, माझी कॉफी पार गार झाली. लोरांदचे ओठ चालले, अडले, पुन्हा चालले. मग ते शेपूट त्याच्याच तोंडून आलं, खुणेशिवाय.

"फिन... अता."

'इता' म्हणजे उरकलेलं. 'अता' म्हणजे चालू असलेलं, हातात असलेलं. या दोन शेपटांवरून एकेकाळी क्लबात अशी भांडणं व्हायची की लोक एकमेकांशी हिवाळाभर बोलत नसत. लोरांदने तळ्याच्या दिशेने बोट दाखवलं. तिथल्या शेडमध्ये त्याने गेल्या वर्षी बांधायला घेतलेली होडी होती, अर्ध्या फळ्या बसवलेली. संपलेली नव्हती. संपवणं चालू होतं.

"होडी?" सायमाने विचारलं. या वेळी प्रश्न विचारून ती उत्तराची वाट बघत राहिली.

"बोआतो," तो म्हणाला. होडीचा एस्पेरांतो शब्द, तोही पूर्ण, वस्तूला लागणाऱ्या शेवटच्या 'ओ'सकट.

त्या उन्हाळ्यात सगळा क्लब शेडमध्ये जमला. मास्तर काठी टेकत यायचे आणि चुकीच्या सूचना द्यायचे. एमेशेने खिळे मारले, मी डांबर लावलं, लोरांद खुर्चीत बसून डाव्या हाताने दाखवायचा. त्याला बोलायला वेळ लागायचा आणि सायमा हातोडा धरून उभी राहायची, तोंड मिटून. तिला ते किती जड जात होतं ते तिच्या जबड्यावरून दिसायचं. होडी नॅसियार्वी तळ्यात उतरली तेव्हा थोडी गळली, पण बुडाली नाही.

लोरांद त्यानंतर बरीच वर्षं जगला. एस्पेरांतो लहान लहान वाक्यांत परत आलं, फिनिश नमस्कारापुरतं, हंगेरियन फक्त गाण्यांत. तो नीट भांडायला लागला तेव्हा सायमाने आम्हाला केक खायला बोलावलं होतं.

तो गेल्यावर सायमा पहिल्यांदा हंगेरीला गेली, त्याच्या बहिणीकडे. दोघींना सामायिक अशी एकही भाषा नव्हती. एमेशे पोचवून परत आली. सायमा मात्र महिनाभर राहिली, अंगणात बसून नणंदेबरोबर आलूबुखारे निवडले, बिया काढल्या, मोठ्या कढईत मुरंबा ढवळला. परतली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा बाटल्याच जास्त होत्या.

"बोललात कशा गं महिनाभर?" मी विचारलं.

"आधी काही सुचेना," ती म्हणाली. "मग ती बोलत होती आणि मी ऐकत होते. खूप बोलते ती. चांगली आहे." माझ्या हातात एक बाटली देऊन ती पुढच्या घरी द्यायला निघाली.